साठ शे

"साठ से कितना?" पोलिसाने विचारलं.

आबा गाडीबाहेर, दाराच्या आरशापाशी, उन्हात उभा होता. हातात लायसन. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आणि समोरचा पोलीस माझ्याहूनही लहान. तो आबाला तू म्हणत होता.

"साठ शे, साहेब," आबा म्हणाला. "मनी गाडीनी चाल साठच शे. बठ्ठा गावले माहीत शे."

"वही तो पूछ रहा हूँ. साठ से कितना ऊपर? ठीक से बोलना नहीं आता?"

गाडीत आम्ही चौघी होतो. मधल्या सीटवर आमच्या विभागप्रमुख मॅडम. त्यांनी काच खाली केली, जरा ऐकलं आणि म्हणाल्या, "काय हे शे-शे-शे! ट्यूब पंक्चर झाल्यासारखं." बाकीच्या दोघी हसल्या. मीही हसले. तोंडदेखलं नाही, चांगली दात दिसेपर्यंत हसले.

तो माझा बाप. हे तिथे फक्त दोघांना माहीत होतं. त्याला आणि मला.

धुळ्यात देवपूरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. इंदूरला चर्चासत्र होतं, चौघींना जायचं होतं, गाडी हवी होती. आबा शाळेची बस चालवतो. शाळेला सुट्टी होती. शेजाऱ्याची जीप घेऊन तो आला असता, चार पैसे मिळाले असते. मी मॅडमना सांगितलं, "ओळखीचे एक ड्रायव्हर आहेत. सांभाळून चालवतात."

ओळखीचे.

आमच्याकडे कुणाही वयस्क माणसाला आबा म्हणतात. भाजीवाला आबा, वॉचमन आबा. ती माझी सोय झाली. मी दिवसभर त्याला आबा अशीच हाक मारली आणि कुणाला काही कळलं नाही. मॅडमही त्याला आबाच म्हणत होत्या. फक्त एक बदल मला करावा लागला. घरी मी त्याला तू म्हणते. आमच्या बोलीत बापाला तूच म्हणतात. त्या दिवशी मी म्हटलं, "आबा, तुम्ही पुढच्या ढाब्यावर थांबा."

त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ढाब्यावर गाडी थांबवली आणि आमच्यापासून दूर, वेगळ्या बाकावर जाऊन चहा प्यायला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच.

शिरपूर मागे टाकून राज्याची हद्द ओलांडली, घाट संपला, आणि पलीकडच्या सपाट रस्त्यावर पोलिसांनी हात केला. तिथे मर्यादा साठची होती. वेग मोजायचं मशीन लावलेलं. त्याच वेळी एक पांढरी गाडी आम्हाला घासून सुसाट गेली होती. आकडा तिचा आला, थांबवलं आम्हाला. आबा साठच्या पुढे जात नाही. तीस पोरं पाठीशी घेऊन बस चालवणारा माणूस तो. मोकळ्या रस्त्यावरही त्याचा पाय आपोआप उचलला जातो. मी मागे बसून काटा बघत होते. साठ म्हणजे साठ.

त्याची हिंदी बाजारापुरती. घाबरला की तीही जाते आणि अहिराणी येते. आमचं 'शे' म्हणजे 'आहे'. पोलिसाला ऐकू आलं 'से'. त्याने कागदावर लिहिलं, "चालक ने स्वयं माना कि गति साठ से अधिक थी." आबाने खाली मराठीत सही केली. तो कागद त्याने काचेपाशी ठेवला. पुढच्या पेट्रोल पंपावर मी तो वाचला. एका अक्षराची चूक. ती ओळखू शकणारी त्या अख्ख्या गाडीत मी एकटी होते.

तेव्हाच परत फिरून सांगता आलं असतं. पण मग मॅडम म्हणाल्या असत्या, तुला कसं ठाऊक? तुला ही भाषा येते? मी गप्प बसले.

आणि चर्चासत्र कशावर होतं, ऐका. बोलीभाषा वाचवण्यावर. मी माझा निबंध वाचला. व्यासपीठावर छातीला हात लावून 'माझी बोली' म्हणाले. टाळ्या पडल्या. बाहेर आबा जीपच्या सावलीत बसून मायने बांधून दिलेली भाकरी खात होता. मला माझीच किळस येते हे लिहिताना. तरी लिहिते.

हे कुठून आलं, तेही मला माहीत आहे. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून पाचवीला मी देवपूरच्या शाळेत आले. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, वडील काय करतात? मी उभी राहिले आणि म्हणाले, "मना आबा डायवर शे." वर्गात हशा फुटला. बाईंनी मला फळ्यासमोर उभं करून अख्खा तास म्हणायला लावलं, आहे, आहे, आहे. घरी येऊन रडले तर आबा म्हणाला, "बाईनी बरं करं. तू 'आहे'च बोलत जाय." मी बोलत गेले. इतकी, की शेवटी मराठीची प्राध्यापक झाले.

तीन आठवड्यांनी मायचा फोन आला. आबा घरी बसला होता. त्याच्या शाळेचा नियम असा की बसच्या ड्रायव्हरच्या नावावर वेगाचा एकही गुन्हा नको. नियम चांगला आहे, माझीही पोरं बसने जातात. शाळेने लायसन तपासलं, परराज्यातलं चलान निघालं. निकाल लागेपर्यंत बसवर येऊ नका, म्हणाले. त्याची खाकी पँट मायने धुऊन दोरीवर टाकली होती. पाच दिवस ती तिथेच होती, कारण घडी करून ठेवायला तो तयार नव्हता.

दंड भरून टाकला असता तर गुन्हा कबूल. बस कायमची गेली. म्हणून आबा एकटा, मला न सांगता, तिकडच्या वकिलाला भेटून आला. वकिलाने विचारलं, गाडीत कोण होतं? साक्षीला कोण येईल? हे मला मायने सांगितलं.

"मंग काय सांगं त्यानी?" मी विचारलं.

"सांगं, कॉलेजन्या मॅडम व्हत्यात. मी कोनले वळखत नही."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. मी त्याला ओळख दिली नव्हती, म्हणून त्यानेही मला ओळखलं नाही. माझी नोकरी, माझी इज्जत, माझं ते देवपूरचं नाव सांभाळायला. स्वतःची बस घालवून.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. म्हटलं, गाडी साठवर होती असं आपण चौघींनी लिहून देऊ या. मॅडम वह्या तपासत होत्या. "अगं, एका ड्रायव्हरसाठी तू परराज्यात हेलपाटे घालणार? त्याला म्हणावं, भरून टाक. या लोकांना सवय असते."

या लोकांना.

मी "हो मॅडम" म्हणाले आणि बाहेर आले. हो, तेव्हाही. जिना उतरले, गाडीतळाशी पोचले, आणि तिथून पुढे पाय उचलेना. पाचवीतला तो तास आठवला. तेव्हा मी दहा वर्षांची होते, मला बोलायला लावलं होतं. आता कुणी लावलं नव्हतं. आता फळ्यासमोर मीच मला उभी करत होते.

तारखेच्या दिवशी पहाटे मी आबाच्या दारात जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "तू कसाले ऊनी?" मी म्हटलं, "चाल." बसने गेलो. चार तास लागले.

कोर्टाची खोली छोटी होती. वकिलाने सांगितलं, ही बाई गाडीत होती. न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, "आप इनकी कौन?"

आबाने मान हलवली. नको, अशी. अजूनही.

"बेटी," मी म्हणाले. "ये मेरे पिता हैं."

मग मी सांगितलं, शे म्हणजे काय. आमच्याकडे 'मनी गाडी साठ शे' म्हणजे साठवर आहे, साठपेक्षा जास्त नाही. न्यायाधीशांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "आप तो वहीं थीं. उसी समय क्यों नहीं बताया?"

खोलीत पंखा फिरत होता. उत्तर सोपं होतं, पण ते द्यायला मला वीस-बावीस वर्षं लागली होती.

"शर्म आती थी, साहब. इनकी बोली की. इनकी. मैं उस दिन हँसी थी."

त्यांनी लिहून घेतलं. कबुली ग्राह्य धरता येणार नाही, मशीनचा फोटो हजर करा, असं पोलिसांना सांगितलं आणि पुढची तारीख दिली. बस. सुटका नाही झाली. आबा अजून घरीच आहे.

परतीच्या बसमध्ये हद्द ओलांडल्यावर तो पहिल्यांदा बोलला. खिडकीबाहेर बघत.

"तू हासनी व्हती. माले आरसामा दिसनं."

एवढंच. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी स्टाफरूममध्ये मॅडमनी विचारलं, "काय गं, त्या ड्रायव्हरचं काय झालं? भरलं का त्याने?"

मी वही मिटली. उभी राहिले. पाचवीत उभी राहिले होते तशी.

"तो डायवर मना आबा शे, मॅडम. मना बाप. आन तो साठवरच व्हता."

कुणी हसलं नाही. मॅडमचा चहा हातातच राहिला. त्या म्हणाल्या, "अगं, मग सांगायचं नाही का आधी? आपण काय परके आहोत?" त्या दिवशीच्या ट्यूबचं त्यांना आठवतही नव्हतं. मला आठवतं, आणि त्यातलं माझं हसू जास्त आठवतं.

आबाची माफी मी मागितलेली नाही. मागितली तर तो लगेच देईल, वर मायला चहा ठेवायला सांगेल. इतक्या सहज मला ती नको. आधी त्याची बस परत आणायची. फोटो आला नाही तर पुन्हा तारीख पडेल, मग पुन्हा. मी प्रत्येक तारखेला जाणार. रजा कापली तर कापू दे. दर वेळी कुणीतरी विचारेल, आप इनकी कौन. दर वेळी मोठ्याने सांगणार. आणि त्याच्याशी बोलताना, कुणीही समोर असो, तूच म्हणणार.