रेखाचा वेगळा डबा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. आणि मी कोण? तलासरी नाक्यावर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारा, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस! माझ्या गोष्टीत डहाणूचा बोटभर मासा संध्याकाळपर्यंत होडीएवढा होतो. घोलवडचा चिकू मी दोन हातांनी उचलतो. लोक म्हणतात, "चालू झाला फेकू," आणि खुर्ची ओढून बसतात. अशा माणसाने एक गोष्ट पोटात ठेवली — तीही खरी — म्हणजे बघा.

डब्यांपासून सुरू करतो. सोपं म्हणून नाही — टाळतोय म्हणून.

पाड्यांवरच्या कितीतरी घरांचं मेल, बँक, सरकारी फॉर्म, सगळं माझ्याच कॉम्प्युटरवर. एक उठला की दुसरा त्याच खुर्चीत. ब्राउझरमध्ये यासाठी एक सोय असते, कंटेनर. मी डबा म्हणतो. एका डब्यात उघडलेल्या साइटचं दुसऱ्या डब्याला काही कळत नाही. प्रत्येक टॅबला वेगळ्या रंगाची पट्टी. गिऱ्हाईक उठलं की त्याचा डबा काढून टाकायचा, मागे काही उरत नाही. हे शिकलो आणि काय मिरवलो! म्हणे वापीहून इंजिनिअर बघायला येतात. कोण येतंय? समोरचा चहावाला यायचा कंटाळा करतो.

थोडे दिवस डबे केले. मग — कंटाळा. प्रत्येकाचा नवा डबा, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, बाहेर रांग. डबे सुटले. बढाई सुटली नाही. रंगीत पट्ट्या दाखवायच्या आणि काम साध्या टॅबमध्ये उरकायचं. सगळ्यांचं सगळं एकाच टोपात.

हे का सांगतोय? रेखासाठी.

रेखा डोंगराकडच्या पाड्यावरची, बारावी झालेली. घरी तिच्या लग्नाची बोलणी चाललेली. हिने गुपचूप नर्सिंगचा अर्ज केलेला. पत्र आलं की वाणगावला मावशीकडे निघून जायचं, असं ठरवलं होतं. ठाऊक होतं ते तिच्या मैत्रिणीला, सविताला, आणि मला. दर वेळी विचारायची, "दादा, माझं कुणाला दिसणार नाही ना?"

"अगं, तुझा डबा वेगळा! त्यात खुद्द मला डोकावता येत नाही."

ज्या दिवशी मेलवर पत्र आलं, तिने ते परत परत वाचलं आणि हसत गेली. मी मेल बंदही केला नाही. दारात मंडळी जमलेली, मी गोष्टीतल्या बिबट्याला चपलेने हाकलत होतो.

मग तिचा भाऊ आला, जयेश. त्याला कंपनीत बायोडेटा पाठवायचा होता. मीच म्हटलं, बस, मेल उघड. उघडला — तो बहिणीचा. "हे काय, दादा?" झडप घालून बंद करता आलं नसतं? बिबट्या हाकलणारा मी — बघत उभा राहिलो. त्याने पूर्ण वाचलं. आणि मी काय बोललो असेन? "घरी माझं नाव घेऊ नको हां."

त्याने घेतलं नाही. रेखाचा मोबाइल गेला, प्रवेशाची मुदत गेली, लग्न उंबरगावला ठरलं.

इथवर मी नुसता निष्काळजी होतो, असं म्हणता येईल — नाही का? पण लग्नाआधी ती आली. आई बाजारात भाजी घेत होती, तेवढ्यात निसटून. "दादा, त्याला कसं कळलं? तुमच्याकडून तर नाही ना?"

"माझ्या डब्यातून? शक्यच नाही," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "सविता जयेशशी बोलताना दिसली होती मला."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी थाप. होडीएवढा मासा कुणी मानला नाही. ही तिने लगेच मानली.

सविताला लग्नाचं बोलावणं गेलं नाही. रेखा माहेरी आली तरी तिच्या दारावरून तोंड फिरवून जाते. आज खरं सांगितलं तर? नर्सिंग गेलं ते गेलंच — पण न सांगण्याचं हे कारण नव्हे. मी घाबरतो, एवढंच.

परवा सविता झेरॉक्सला आली. म्हणाली, "दादा, रेखा तुमच्याशी मोकळं बोलायची. माझं काय चुकलं, काही बोलली का हो?"

मी म्हटलं, नाही.

"बरं," म्हणाली, कागद घेतले आणि गेली.