न थांबणारा खेळ

जग लयीवर चालतं आणि आपण लक्ष ठेवलं नाही तर ती लय बिघडेल, याबद्दल तिळमात्र शंका नसलेला एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझे मामेसासरे. अल्लीपूरला त्यांचं किराणा दुकान होतं आणि गावच्या भजनी मंडळात त्यांची खंजिरी. दुकान आपलं पोटापुरतं, खरा धंदा खंजिरीचा. पुडीला दोरा गुंडाळताना, एसटीच्या खडखडत्या खिडकीला टेकताना त्यांचा ठेका चालूच. पंखा विकत घ्यायला गेले तर वारा किती लागतो हे न बघता डोळे मिटून त्याची खटखट ऐकायचे. माणसंही ते अशीच पारखत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे माझा पगार विचारत होते. मामाजी मात्र टेबलावर बोटं वाजवत माझ्या पायाकडे बघत होते. पाय हलला, पण भलत्याच वेळी. आत जाऊन त्यांनी निकाल दिला, तो मला बाहेर स्पष्ट ऐकू आला. "पोरगा चांगला आहे, पन ठेक्यात नाई." तरीही लग्न झालं. पण पुढे आरतीत माझी टाळी ऐकून त्यांनी मला कायमचं हात जोडून उभं केलं. "जवाईबापू, तुमी निस्ते उभे राहा. देवाले बी ताल समजते."

या अपमानाचा सूड घ्यायची संधी मला दोन हजार सालानंतर कधीतरी मिळाली. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या आमच्या घरात नवा कॉम्प्युटर आला होता. घरच्यांना सांगितलं होतं की ऑफिसचं काम करायला घेतला. प्रत्यक्षात मी त्यावर एक खेळ खेळत असे. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवर तो होता. काळा पडदा, त्यावर सरकत जाणारी एक पांढरी रेघ, आणि मागे वाजणारं संथ संगीत. ठेक्यावर कळ दाबली की रेघेला फूल यायचं. चुकली की करडी कळी गळून पडायची. चहा उकळेपर्यंत संपणारा एवढासा खेळ, पण माझ्या बागेत कधी चार फुलं एका ओळीत फुलली नाहीत.

त्याच सुमारास मामाजी खंजिरीला नवं कातडं चढवायला वर्ध्याला आले, आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "यंदा शिंपीबुवाले मंडळातून काढतो." मी चमकलोच. शिंपीबुवा म्हणजे गावात कपडे शिवणारे त्यांचे बालमित्र, मंडळात मुख्य भजन म्हणणारे. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते म्हणणार आणि मामाजी वाजवणार, असं ठरलेलं. "काऊन जी, काय झालं?" मी विचारलं. "ओळ ओढून राह्यला तो. दोन वर्सं झाले, समेच्या आधी शब्द लांबवते अन् सारं ढिल्लं करते. दोस्ती आपल्या जागी, लय आपल्या जागी. वापस गेलो का तोंडावर सांगतो."

मी विषय बदलायला म्हणून, आणि खरं सांगायचं तर हरवायला म्हणून, त्यांना खेळापुढे बसवलं. त्यांनी कीबोर्ड खंजिरीसारखा डाव्या हातात उभा धरला आणि उजव्या हाताच्या बोटांनी पहिली थाप दिली. वायर ताणली गेली, स्पीकर खाली आला. सगळं जागेवर लावून पुन्हा सुरुवात केली. पहिल्या डावानंतर त्यांनी गुण सांगितले. "बनवणारा जाणता आहे. कोनाले मारणं नाई, बोंबलणं नाई. आपल्या थापीले फूल येते, अजून काय पाहिजे? अन् मधात अंधार ठेवला त्यानं. रिकाम्या मात्रेले मान देते हा. आमच्या मंडळात तेवढंच कोनाले जमत नाई." मग दोष. "लहान आहे. हात गरम होते अन् खतम. अन् दर खेपेला तेच. यात म्हणणारा नाई कोनी, समोर पाहून मान हलवणारा नाई."

पण एवढं बोलूनही त्यांची नजर पडद्यावरच होती. कारण कळ्या गळत होत्या. पुन्हा खेळले, पुन्हा गळल्या. आधी मला गुदगुल्या झाल्या. तिसऱ्या डावाला माझं हसू आटलं. पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, मामाजींची थाप दरवेळी केसभर मागे पडत होती. मी घाईघाईनं म्हणालो, "मामाजी, ही मशीनच सुस्त आहे. कोणालाच जमत नाही. थांबा, दाखवतो." आणि पुराव्यादाखल मी बायकोला हाक मारली. आयुष्यात बरेच गाढवपणे केले, पण असा नेमका एकच. ती कणकेच्या हातानं आली, काय चाललंय हे न विचारता एका बोटानं कळ दाबत गेली, आणि रेघभर फुलंच फुलं. मामाजींच्या मांडीवर भजनं ऐकत वाढलेली पोर ती! "सोपंच तर आहे," म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

मामाजी कितीतरी वेळ त्या फुलांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे शिंपीबुवा ओढत नोयता."

मी स्पीकरचा आवाज बारीक केला.

"तो थांबे, जवाईबापू. माहा हात येईपर्यंत थांबे. दोन वर्सं. अन् मी त्याले काढाले निघालो होतो." मग पडद्याला बोट लावून म्हणाले, "हा खेळ खरं बोलते, हा याचा गुण. थांबत नाई, हा दोष."

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. ते काय करणार, शिंपीबुवांना काढणार नसले तर खंजिरी खाली ठेवणार का, या काळजीनं मीही त्या वर्षी अल्लीपूरच्या भजनाला गेलो. मला तालातलं काही कळत नाही, म्हणून मी नुसता बघत होतो. शिंपीबुवा डोळे अर्धे मिटून म्हणत होते. ओळीच्या शेवटी शब्द धरून ठेवायचे, मामाजींच्या हाताकडे बघायचे, थाप पडली की पुढे जायचे. मामाजीही त्यांच्याकडे बघत होते. भजन संपल्यावर मामाजी सगळ्यांसमोर खेकसले, "आज बी ओढलंच तू!"

"वय झालं ना रे बाप्पा माहं," शिंपीबुवा म्हणाले. "सांभाळून घेजो."

"घेतो. न घेऊन सांगतो कोनाले?"

आता दोघंही नाहीत. तो कॉम्प्युटर भंगारात गेला, आणि ती सीडी नव्या मशीनवर चालत नाही. आरतीत मला अडवणारंही कोणी उरलं नाही, म्हणून परवा मी भीतभीत टाळी वाजवली. अर्थात उशिराच पडली. बायको डोळे मिटून म्हणत होती. तिनं ओळीचा शेवटचा शब्द किंचित लांबवला.

मी टाळी वाजवत राहिलो.