मी लावलेली खिडकी

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. सगळं नीट, क्रमाने सांगायची माझी सवय. पण हे — हे क्रमाने येतच नाही.

व्हिडिओ कॉलवर सुमन आजी तुम्हाला भलत्याच नावांनी हाक मारते आणि तुम्ही हसता. वय झालंय तिचं, असं मीच तुम्हाला सांगितलं. ते खरं नाही.

त्या पावसाळ्यात शहापूरच्या घरी मागासाठी खळ दिलेलं सूत वाळत नव्हतं. मागच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून आम्ही ते वाळवायचो. सुमन — माझी धाकटी जाऊ — तिथेच बसायची. "आक्का, डोकं लई दुखतंय. खिडकी उघडू काय?" मी नको म्हटलं. दमट हवेनं सूत पुन्हा ओलं होतं ना! तिनं अर्धवट उघडलेली खिडकी मी स्वतः लावली.

तासाभरानं ती बेशुद्ध सापडली.

दवाखान्यात भावजी, म्हणजे सुमनचे यजमान, म्हणाले, "वैनी, तुमीच बोला. इंग्रजीत नीट सांगा." डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी इंग्रजीतच विचारलं — बंद खोलीत काही जळत होतं का? कोळसा? जनरेटर? भावजी शेजारीच उभे होते, त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, नाही. उपास होता तिचा.

का म्हटलं? पुढे खिडकीचं विचारतील म्हणून. एवढ्याचसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सशी बोलताना भावजींच्या तोंडून शेगडी आली; तिनं ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. कोळशाच्या वायूचं विष रक्तात भिनलेलं. दाबाखालचा प्राणवायू होईल तितक्या लवकर द्यायला हवा होता. मग गाडी, मोठं शहर. लोखंडी पिंपासारख्या बंद खोलीत तिला झोपवलं. गोल काचेतून मी बघत होते — देवा, उठू दे हिला. आणि लगेच पाठोपाठ — उठून खिडकीचं बोलली तर? हो, हेही मनात आलं.

ती उठली. खिडकी तिला आठवली नाही. आम्हीही आठवलो नाही.

आदल्या दिवशीच नेली असती तर बरी झाली असती? खात्री देता येत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्या एका वाक्याला मी इतकी वर्षं धरून बसले. आता सोडते.

भावजींना वाटतं, घाबरून मला सुचलं नाही. "वैनी, तुमी हाईसा म्हणून निभतंय," म्हणतात.

रोज सकाळी मी सुमनची वेणी घालते. ती माझा हात धरते. "लई गुणाची हाईस गं बाई. कुणाची तू?"

मी माझं नाव सांगते. तेवढंच सांगते.