शेवटचा फर्मा

घडीवाल्या मावशीला अक्षर ओळखता येत नसे, पण पुस्तकं तिने शेकड्याने ऐकली होती. बाइंडिंगखान्यात सोळा पानांचा एकेक मोठा छापील कागद यायचा, त्याला म्हणतात फर्मा. मावशीने त्याच्या घड्या घालायच्या आणि शेजारी शिलाईला बसणाऱ्या तिच्या नणंदेने तो मोठ्याने वाचायचा. फर्मे छापून येतील तसे. पाचवा आधी, दुसरा मागून. मेलेला माणूस दोन दिवसांनी जन्माला यायचा, आणि मावशीला त्याचं काहीच वाटत नसे.

या खेपेची कादंबरी मात्र तिच्या जिवाला लागली. एक प्रकरण आजच्या एका नर्सचं, एक तिच्या शंभर वर्षांपूर्वीच्या पणजीचं. पणजी सुईण, जिभेची तिखट. भर पुरातून पलीकडच्या बाळंतिणीकडे निघाली, आणि फर्मा संपला.

"पुढे?"

"पुढचा शेवटचाच, वहिनी. सोमवारी छापतील."

आणि शनिवारी मावशीचा कामाचा शेवटचा दिवस! घडीचं यंत्र येऊन दारात उभं होतं. "चाळीस वर्षं इथे हाडं झिजवली," मावशी करवादली, "आणि बाई बुडाली की तरली एवढंही कळू नये? जळ्ळं मेलं ते यंत्र!"

शुक्रवारी लेखिका काम बघायला आली. मावशीने तिला दारातच गाठलं. "ती परत आली का गं?"

लेखिका ओशाळली. "माहीत नाही, मावशी. जुनी कागदपत्रं धुंडाळून लिहिलंय मी. पुढे तिचा कुठेच उल्लेख नाही, म्हणून शेवट तसाच सोडला."

"कागदात नाही म्हणजे मेली?" मावशी कडाडली. "परवापासून मीही इथे नाही. माझं नाव तरी कुठल्या कागदावर आहे? म्हणून काय परवा मी जेवणार नाही? सुनेशी भांडणार नाही? कागद संपला म्हणून बाई संपते होय गं!"

"मावशी, अहो, पाहुण्यांशी असं..." मालक धावत आले. लेखिकेने त्यांना हातानेच थांबवलं. त्यांच्याच टेबलाशी बसून तिने सोबतच्या प्रुफातली शेवटची दोन पानं खोडली, नवी लिहिली. "हा फर्मा उद्या सकाळीच छापून घ्या," ती म्हणाली. "आणि घडी मावशींच्या हातची."

शनिवारी नणंद वाचत होती. सुईण परत आली होती. ओलीचिंब, दमलेली, पण बाळ-बाळंतीण सुखरूप ठेवून. उंबऱ्यातूनच सुनेवर खेकसली, "बघत काय बसलीस? पाणी तापव!" मावशी खो खो हसली आणि हसता हसता रडायला लागली, अगदी हुंदके देऊन. हातातल्या कागदावर टपटप थेंब पडले.

खराब झालेला कागद कामगाराने घरी न्यायचा, अशी तिथली रीत. चाळीस वर्षांत मावशीकडून एकही खराब झाला नव्हता. हा तिने नीट घडी घालून पिशवीत ठेवला.

"वहिनी, तुला वाचता कुठे येतं?"

"नातीला येतं ना. ती वाचेल, मी ऐकेन," मावशी म्हणाली आणि नाक पुसून तिने पुढचा कागद ओढला.