आमेनच्या आधीची बकरी

तेल्हाऱ्याच्या शमुवेल तायड्याचा धंदा सुतारकीचा, पण जीव सगळा प्रार्थनेत. ख्रिस्ती मंडळीच्या कौलारू देवळात तो प्रार्थनेला उभा राहिला की बायका मनातल्या मनात चुलीवरची डाळ उतरवून ठेवत. पाद्रीसाहेबांची प्रार्थना तेल्हाऱ्यातच आटपायची. शमुवेलची अकोल्याचे आजारी, अमरावतीचे सोयरे आणि दिल्लीचे मंत्री अशी सगळ्यांना भेटून परत यायची.

छप्पन्न सालच्या हंगामाच्या सणाला मात्र त्याला नुसती वाहवा नको होती. त्या दिवशी मंडळीचा नवा पंच निवडायचा होता आणि ते पद आपल्यासाठीच रिकामं झालंय, याची त्याला खात्री होती. पहाटेपासून तो परसात फेऱ्या मारत प्रार्थना घोकत होता.

"अवो, बकरी बांधली का?" बायको सलोमीनं विचारलं.

"मी देवाच्या कामाले निंगालो, अन् तू मले बकरीचं सांगून राहिली!"

"देवानं बकरी नाई केली का?" सलोमी पुटपुटली, पण तोवर शमुवेल परसातला सगळ्यात मोठा कोबीचा गड्डा डोक्यावर घेऊन निघालाही होता.

सणाला जो तो आपल्या घरचं पीक वेदीपुढं ठेवी. ज्वारीची कणसं, मेथी, तुरीच्या शेंगा आणि मधोमध, देवाला आधी दिसावा असा, शमुवेलचा गड्डा. मैना म्हातारी उशिरा आली. कापूस वेचून जगणारी बाई. पदराच्या गाठीतून चार वाळक्या मिरच्या काढल्या, कोपऱ्यात ठेवल्या आणि दाराशी, चपलांजवळ बसली.

शमुवेल उभा राहिला. सगळ्यांनी डोळे मिटले. आमेनच्या आधी डोळे उघडणं म्हणजे महापाप, हे त्यानंच मंडळीला बजावलेलं.

"हे सर्वसमर्थ पित्या, आम्ही वेळेवर आलो, भरल्या हातानं आलो. जे उशिरा येतात, मूठभर मिरच्या आणतात, त्यांनाही तू सांभाळून घे..."

घुंगरू वाजलं.

शमुवेलनं आवाज ओळखला. ते घुंगरू त्यानं स्वतः बकरीच्या गळ्यात बांधलं होतं. मग कुरुम कुरुम सुरू झालं. आता आमेन म्हणावं तर सगळे डोळे उघडतील, आणि पंचाच्या घरची बकरी वेदीपुढं! त्यापेक्षा प्रार्थना लांबवावी, खाऊन निघून जाईल बापडी. त्यानं अकोला घेतलं, अमरावती घेतली, दिल्ली घेतली. बकरीनं कणसं-मेथी घेतली, शेंगा घेतल्या, कोबी घेतला. शमुवेल समुद्रापलीकडच्या मंडळ्यांवर पोचला तेव्हा बकरी कोपऱ्यात पोचली, आणि इतकी जोरात शिंकली की पाद्रीसाहेबांच्या खांद्यालाही हिसका बसला.

"शमुवेलभाऊ," दाराशी बसलेली मैना मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "तुयी बकरी मिरचीवर आली, बावा. आता तरी थांब. तिले ठसका लागून राह्यला."

कुणीतरी फिसकन हसलं. शमुवेलनं डोळे उघडले. कोबीचा नुसता दांडा उरला होता. वेदीपुढं धड असं काही शिल्लक होतं तर त्या चार मिरच्या. इतका वेळ आपण देवाशी बोलत होतो की बकरी लपवत होतो? त्याचे कान तापले. तो मटकन गुडघ्यांवर बसला. घोकलेलं एक अक्षर आठवेना.

"देवा, बकरी मायीच हाये. मीच बांधली नाई. लय मोठा समजत होतो मी मले. माफ कर. आमेन."

"आमेन!" मंडळीनं कौलं हलतील असं म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज मैनेचा.

पाद्रीसाहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "पंचासाठी नाव?" एकदम दहा हात वर झाले, "शमुवेल! शमुवेल!"

"वर्षभर थांबा, राजेहो," शमुवेल बकरीचा कान धरून दाराकडे निघाला. "आंदी हिले बांधू द्या."

बकरी खुंट्याला बांधून तो परत आला, पण पुढं गेलाच नाही. मैनेशेजारी, चपलांजवळ टेकला.

"सरक वं, माय," तो म्हणाला.

"बस नं," मैना म्हणाली. "पण डाळ शिजून राह्यली घरी, आता पुना सुरू नोको करू."