पट्टीतलं नाव

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या लेथ कारखान्याच्या नावानं मी वेबसाइटचा पत्ता विकत घेतला होता, पण पानं ठेवली होती दुसऱ्या एका कंपनीच्या फुकट जागेवर. आमचं नाव टाइप केलं की पान उघडायचं आणि वरच्या पट्टीत त्या कंपनीचा लांबलचक पत्ता यायचा. पुण्याच्या गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, "कारखाना विकलात की काय?"

म्हणून आठवडाभर मी रोज बसस्टॉपजवळच्या सायबर कॅफेत खेटे घातले. दारावर अजून एका टेलरच्या नावाची पाटी होती. शिवणकाम सोडून या कॅफेवाल्यानंच कॉम्प्युटर घेतले असावेत, असं मी धरून चाललो होतो. माणूस बेळगावकडचा. प्रत्येक प्रयत्नाआधी स्वच्छ स्क्रीन शर्टाच्या टोकानं पुन्हा पुसायचा. पट्टीत तोच परका पत्ता यायचा.

"स्वल्प थांबा की, अण्णा."

माझं डोकं फिरायचं.

सातव्या दिवशी त्यानं आमच्या पत्त्यावर एक रिकामी चौकट केली आणि कंपनीकडची पानं तिच्या आत बसवली. आमचं नाव जागचं हललं नाही.

"हे पहिल्या दिवशी का नाही केलंत?" मी खेकसलो.

"पान तर दिसतच होतं की. वर नाव कुणाचं, त्यानं काय बिघडतंय, ते मला कळंना."

तेवढ्यात एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन आल्या. त्यांनी पाटीवरच्या नावानं हाक मारली. त्यानं ओ दिली आणि शांतपणे सांगितलं, "ते टेलर गेले की अक्का, दोन वर्षं झाली. मी दुसरा."

सात दिवस मीही त्याला त्याच नावानं हाका मारत होतो. आणि तो प्रत्येक हाकेला ओ देत होता.