वशरामभाईने काढलेली कणी

राजकोटच्या आमच्या लेथवाल्या गल्लीत डोळ्यात लोखंडाची कणी गेली म्हणून कुणी घरी जात नाही. चष्मे सगळ्यांकडे असतात, पण खिळ्याला टांगलेले. चष्मा लावून लेथवर उभा राहणारा नवशिका समजला जातो, आणि नवशिका दिसण्यापेक्षा आंधळा झालेलं बरं, अशी आमची अक्कल. कणी गेली की हाताने डोळा झाकायचा आणि वशरामभाईच्या दुकानाची पायरी चढायची.

वशराम पिठवा हा जातीचा लोहार. पोटापाण्यासाठी इंजिनाचे सुटे भाग बनवायचा, पण नाव झालं ते कण्या काढण्यात. आलेल्याला स्टुलावर बसवायचा, तोंड उजेडाकडे फिरवायचा, आगकाडीवर पापणी उलटी करायचा. मग कापूस गुंडाळलेली दुसरी काडी. तेवढ्याने भागलं नाही तर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक डोळ्याजवळ धरायचा. कणी अंगठ्याच्या नखावर ठेवून दाखवायचा नि म्हणायचा, "निघाली. जा, कामाला लाग."

पैशाचं नाव काढलं की खेकसायचा, "मी काय दवाखाना उघडलाय? चहा सांग." तो चहा बशीत ओतून पिताना त्याच्या तोंडावर जो तोरा असायचा, तो मी कुठल्या सर्जनच्या तोंडावरही पाहिला नाही. माणूस गर्विष्ठ होता, पण त्याचा गर्व गल्लीच्या सोयीचा होता, म्हणून आम्हीच तो वाढवला.

त्याचा जोडीदार लवजी कारेलिया. भिंतीला भिंत लागून दुकानं, आणि दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. वशरामने बोलायचं आणि लवजीने हसायचं, अशी त्यांची वाटणी होती. लवजीने बनवलेला भाग गिऱ्हाईक न मोजता उचलायचं.

एकदा छिणीवर हातोडा मारताना लवजीच्या उजव्या डोळ्यात कणी उडाली. वशरामने ती काढली, नखावर दाखवली, "निघाली" म्हणाला. डोळा दोन-तीन दिवस लाल राहिला आणि मग बरा झाला. आम्ही सगळे ते विसरलो.

त्याला बरीच वर्षं झाली. मग लवजीच्या कंबरेने दगा दिला, पाय बधिर व्हायला लागला, आणि डॉक्टरने एमआरआय काढायला सांगितला. लवजीची बायको मुक्ताबेन घाबरली. तिला वाटलं, आता नवऱ्याची चिरफाड होणार. वशरामनेच तिची समजूत घातली.

"भाभी, सुईसुद्धा टोचत नाहीत. बोगद्यात निजायचं, ठकठक ऐकायची, बाहेर यायचं. आमच्या गल्लीत याहून जास्त ठकठक असते."

सोबत म्हणून तो आणि मी गेलो. तिथला तंत्रज्ञ वयाने कोवळा, पण काटेकोर. लवजीचं घड्याळ, पट्टा, किल्ल्या, गळ्यातला ताईत सगळं काढून घेतलं. मग विचारलं, "काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"नाही," लवजी म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे निघालेली कणी ही गेलेली धरतच नाहीत. धरली असती तर गल्लीतला एकही डोळा पास झाला नसता.

तंत्रज्ञाने लवजीच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. "लेथवर काम करता ना? नीट आठवा. बारीक कण जरी आत राहिला असेल, तरी या मशीनमधलं चुंबक त्याला ओढतं. शंका असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढू. लगेच होतो."

लवजीने वशरामकडे बघितलं. एवढंच केलं त्याने. वशरामने "काढा एक्स-रे" म्हटलं असतं तर लवजी मुकाट्याने गेला असता. पण वशरामला ते झोंबलं. कालचं पोर त्याच्या हातावर संशय घेतंय, असं त्याला वाटलं.

"अहो साहेब," तो छाती काढून म्हणाला, "हा डोळा माझ्या हाताखालून गेलाय. तुमच्या आधी मी चुंबक लावलंय त्याला! आत काही नाही."

"मी यांना विचारतोय," तंत्रज्ञ म्हणाला. "काका, तुम्ही सांगा."

"वशराम म्हणतोय ना," लवजी म्हणाला. "मग नाही."

आत सरकवता सरकवताच लवजी ओरडला. त्याला बाहेर ओढलं तेव्हा त्याने उजवा डोळा तळहाताने दाबून धरला होता. नेत्रतज्ज्ञांनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं. मग आम्हाला समजावून सांगितलं, की त्या वेळी दोन कण्या गेल्या होत्या. एक वरच राहिली, ती निघाली. दुसरी आत खोल रुतली आणि इतकी वर्षं गप्प पडून होती. चुंबकाने तिला फिरवलं आणि आत रक्तस्राव झाला. नजर परत आली नाही.

लवजीने वशरामला एका शब्दाने दोष दिला नाही. देवाशपथ सांगतो, दिला असता तर बरं झालं असतं. एका डोळ्याने त्याला अंतराचा अंदाज येईना. हत्यार एकदा लवकर टेकायचं, एकदा उशिरा. माल परत येऊ लागला आणि शेवटी त्याने लेथ विकला. वशराम रविवारी गाठिया घेऊन त्याच्याकडे जायचा. माफी मागायला निघायचा आणि क्रिकेटच्या गप्पा मारून परत यायचा.

गल्लीत कणी काढणं त्याने बंद केलं. कुणी डोळा झाकून आला की ओरडायचा, "चालता हो! डोळ्याच्या दवाखान्यात जा!" लोक हसायचे आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या कुणाकडे जायचे. आमच्या लोकांना अक्कल येत नाही, मी आणखी काय सांगू?

लवजी दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. गाठिया नेणं चालू होतं, माफी राहून गेली.

गेल्या हिवाळ्यात वशरामची जीभ जड झाली, डावा हात लुळा पडायला लागला. डॉक्टरने मेंदूचा एमआरआय सांगितला. मी त्याला घेऊन गेलो. या वेळी तंत्रज्ञ म्हणून एक मुलगी होती. तिने तोच प्रश्न विचारला.

"गेल्या," वशराम म्हणाला. "कितीतरी गेल्या. आधी एक्स-रे काढ, बेटा."

एक्स-रे झाला. मुलगी फोटो घेऊन हसत आली. "काका, दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. एक कण नाही."

"सुटलास!" मी त्याची पाठ थोपटली.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, आजाराने माणूस हळवा झालाय.

"आपली कणी आपल्याला काढता येत नाही," तो अडखळत म्हणाला. "माझ्या कोण काढायचं?"

गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. लवजी काढायचा.

"काढून झाली तरी सोडायचा नाही रे. पुन्हा पापणी उलटायचा, पुन्हा बघायचा. मी शिव्या द्यायचो त्याला, किती वेळ लावतोस म्हणून." त्याने चांगल्या हाताने तोंड पुसलं. "त्याच्या डोळ्यात मी एकदाच बघितलं."